पावसाआधीचा एक महिना: रसायन कारखान्यातल्या एकट्या सुरक्षा अधिकाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही डिचोलीचे, रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून औद्योगिक सुरक्षेची पदविका घेतलीत. चार महिन्यांपूर्वी गोव्यातल्याच एका रसायन कारखान्यात पर्यावरण आणि सुरक्षा या दोन्हींचे एकमेव अधिकारी म्हणून लागलात. माणसं सव्वाशेच्या आसपास, निम्म्याहून जास्त कंत्राटी. आयएसओ १४००१ (पर्यावरण) आणि ४५००१ (कामाची सुरक्षा) अशी दोन्ही प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत, फायली चोख आहेत. पण परमिटं (धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानग्या) काम झाल्यावर भरली जातात आणि ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) नोंदवही महिनाभर एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसते. फॅक्टरी मॅनेजर म्हणतात, "तू कागद सांभाळ, बाकीचं प्रॉडक्शनवाले बघतील." जुलैत ऑडिट आहे. म्हणून तुम्ही विचारलंय की कोणत्या नव्या चेकलिस्ट कराव्यात, म्हणजे ऑडिटही निघेल आणि सुरक्षाही सुधारेल.

चेकलिस्ट करू नका. निदान आत्ता नाही. तुमच्याकडे त्यांची कमतरता नाहीच आहे. तुम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात मध्येच एका वाक्यात येऊन गेली आहे: "रात्रपाळीत नेमकं काय चालतं ते मला माहीतच नाही." खरा प्रश्न तो आहे. कागदावर लिहिलेलं आणि रात्री दोन वाजता प्लांटवर होणारं, यांत अंतर पडलंय. त्यातलं कोणतं अंतर नुसतं गबाळेपणाचं आणि कोणतं माणसाचा जीव घेणारं, हे तुम्हाला पाऊस लागायच्या आत ओळखायचंय.

मी १९९८ साली प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागले, तिथून ईटीपीवर आले, आणि पुढे गोव्यातल्याच तीन कारखान्यांत हे काम केलं. जे सांगते आहे ते त्या अनुभवातून. तरी बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रिया तुमच्याकडे होतात की नुसतं मिसळणं, गाळणं आणि वाळवणं चालतं, यानं सगळं चित्र बदलतं. साठा १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांतल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर आपत्कालीन आराखडा आणि मॉक ड्रिल ही कायद्यानंच तुमच्या कंपनीच्या गळ्यात बांधलेली जबाबदारी आहे. तुम्ही कोणाला रिपोर्ट करता हेही पाहा. प्रॉडक्शन हेडच्या हाताखाली असाल तर काम कठीण, फॅक्टरी मॅनेजरच्या हाताखाली असाल तर निदान वाट आहे. कलमांचे नंबर पाठ करण्यात मात्र हा महिना घालवू नका. कारखाने कायद्यातली बरीच तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेली आहे, ते नंतर शांतपणे वाचता येईल.

पहिलं काम: आठवड्यातून दोन रात्री प्लांटवर जा. एकटे नको, मेंटेनन्सचा जुना माणूस बरोबर घ्या. आणि पहिले पंधरा दिवस कोणाचीही चूक वहीत लिहू नका. फक्त बघा आणि विचारा. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा साठा थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद होतं, सुटलेला वायू धुऊन घेणारा स्क्रबर स्टँडबायवर होता आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची पाइप काढून ठेवलेली होती. ही तिन्ही साधनं आराखड्यात होतीच. म्हणून तुमच्या प्लांटवरच्या प्रत्येक सुरक्षा साधनापाशी उभं राहून एवढंच विचारा की हे आज चालू आहे का, आणि बंद असेल तर कधीपासून.

आता पाण्याकडे येते, कारण गोव्यात आणि त्यातही मे महिन्यात माझ्या मते तेच सर्वांत आधी बघायला हवं.

आपल्याकडे मोसमात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. वेर्ण्यासारखी मोठी औद्योगिक वसाहत पठारावर आहे, बाकीच्याही अनेक सड्यांवर किंवा सड्यांच्या उतारावर आहेत. खाली जांभा दगड, तो सच्छिद्र. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून मुरतं आणि खाली कुठेतरी झर होऊन निघतं. त्या झरीवर कुळागर असतं, माडा-पोफळीची बाग असते, कोणाची तरी बांय (विहीर) असते. फोंड्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार म्हणून लोक उठले, १९९५ च्या जानेवारीत एका तरुणाचा गोळीबारात जीव गेला आणि प्रकल्प गोव्यातून गेला. तेव्हा लोकांच्या मनात सर्वांत खोल भीती पाण्याचीच होती. तुमच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणारी माणसं ते विसरलेली नाहीत, असं धरूनच चाला.

तर हिशेब करू. समजा, तुमच्या टोल्युइन या ज्वलनशील सॉल्व्हेंटच्या (द्रावकाच्या) २० हजार लिटर टाकीभोवतीचा डाईक, म्हणजे सांडलेलं अडवणारा बांध, १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. त्यात २४ हजार लिटर मावतं. मावायला हवं टाकीच्या ११० टक्के, म्हणजे २२ हजार. कागदावर बरोबर बसलं. आता जुलैतल्या एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस पडला. ८० चौरस मीटरवर ते झालं १२ हजार लिटर पाणी. डाईक अर्धा भरला आणि तुमची ११० टक्क्यांची सोय निम्म्यावर आली. शिवाय टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं. टाकी फुटली तर ते पाण्यावर तरंगेल, आणि डाईक ओसंडला की सर्वांत आधी बाहेर पडेल ते टोल्युइनच.

ऑपरेटरला हा हिशेब ठाऊक नसतो, पण डाईक भरतो हे त्याला दिसतं. मग तो काय करतो? जूनमध्ये डाईकचा व्हॉल्व्ह उघडतो आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर कधीतरी बंद करतो. हे मी तिन्ही कारखान्यांत पाहिलं. एका ठिकाणी त्याची किंमतही पाहिली. रात्री पंपाचं सील गेलं, पिवळ्या रंगाचं मदर लिकर (उत्पादन वेगळं काढल्यावर उरलेलं द्रावण) डाईकमध्ये सांडलं, उघड्या व्हॉल्व्हमधून पावसाळी गटारात आणि तिथून उतारावर गेलं. सकाळी आठ वाजता खालच्या कुळागराचे मालक गेटवर आले. हातात बाटली, बाटलीत त्यांच्या पाटाचं पाणी, पिवळं. ते ओरडले नाहीत. बाटली सिक्युरिटीच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हें आमी पितात." त्यानंतर दोन महिने आम्ही त्यांच्या घरी टँकरनं पाणी पोचवलं. त्या आठवड्यात माझ्या फाइलमध्ये डाईक तपासणीची सही केलेली चेकलिस्ट होती, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण. म्हणून तुम्हाला सुरुवातीलाच चेकलिस्ट नको म्हटलं.

डाईकच्या प्रत्येक व्हॉल्व्हला कुलूप लावा, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे ठेवा. पाणी सोडायचं ते पीएच पाहून आणि वर तवंग नाही हे डोळ्यांनी बघून. शंका आली तर गटारात न सोडता पंपानं ईटीपीकडे. जमत असेल तर टाक्यांवर पत्र्याचं छप्पर घाला, पण सॉल्व्हेंट असेल तर बाजू मोकळ्या ठेवा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, कोंडली तर बसून राहते.

दुसरं, आता जमीन कोरडी आहे तोवर गटारांचा खरा नकाशा काढा. ऑफिसातला नकाशा कारखाना बांधला तेव्हाचा असतो, त्यानंतर किती जोडण्या झाल्या ते कोणालाच ठाऊक नसतं. कंपाउंडच्या आतलं शेवटचं चेंबर वाळूच्या पोत्यांनी बंद करा. मग एकेका गटारात कपड्यांची नीळ घातलेली एकेक बादली पाणी ओता आणि ती कुठे निघते ते बघा. आम्हाला या पद्धतीनं एका गोदामाच्या मोरीचा पाइप थेट पावसाळी गटारात सापडला होता. त्या मोरीत ड्रम धुतले जात होते. उलटंही सापडेल: छपराचं पाणी ईटीपीच्या टाकीत येत असेल. मग जूनमध्ये क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) दुप्पट-तिप्पट पाणी येतं, गाळ वर उठून वाहून जातो, आणि दोष मात्र ऑपरेटरला मिळतो.

पाण्याचा आणखी एक धोका, तुमच्याकडे थायोनिल क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइड, सोडियम असं काही असेल तर. पाणी लागलं की थायोनिल क्लोराइडमधून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड निघतो, सोडियम पेटतं. अशा गोदामाचं छप्पर मेमध्ये स्वतः जाऊन बघा, तिरका पाऊस येणाऱ्या बाजूला बघा, ड्रम जमिनीवर न ठेवता पॅलेटवर ठेवा.

ईटीपीच्या नोंदवहीबद्दल. तुम्हाला ती खोटी वाटते आहे, बहुतेक आहेच. बॅचवर चालणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी रोज सारखं असूच शकत नाही. सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) १७८, १८२, १८०, १७९ असा महिनाभर आला तर तो मोजलेला नाही. पण आरोप करू नका, ताळा घ्या. वहीत रोज दोन पोती चुना लिहिलाय का? म्हणजे महिन्याला साठ. स्टोअरच्या इश्यू स्लिपा काढा, किती पोती गेली? टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालू लिहिलाय का? दहा अश्वशक्तीचा ब्लोअर पूर्ण भारावर महिनाभर चालला तर सुमारे ५,४०० युनिट वीज खातो. सब-मीटर काय म्हणतो? चुना पडला असेल तर गाळ निघायला हवा, मग गाळाची पोती कुठे आहेत आणि किती वजनाची? घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे तो कुठे गेला याचा मॅनिफेस्ट असायलाच हवा. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की वहीचं खरं-खोटं आपोआप कळतं, कोणाला खोटारडा म्हणावं लागत नाही.

आणि मग ईटीपीच्या ऑपरेटरजवळ बसा. तो बहुतेक एकटा असतो. रात्री प्रॉडक्शनवाले न सांगता मदर लिकर सोडतात, त्याच्या एरेशन टाकीतले (हवा देऊन पाणी शुद्ध करायच्या टाकीतले) जिवाणू मरतात, पाणी काळं पडतं, आणि सकाळी त्याला चांगला आकडा लिहावा लागतो. त्याला आधी हा भार कमी करून द्या. जास्त सीओडीचा प्रवाह वेगळ्या टाकीत, आणि सोडण्याआधी ईटीपीला फोन. त्याला रोज एक लिटरचं मोजपात्र भरून अर्धा तास स्थिर ठेवायला सांगा. गाळ तपकिरी आहे का, किती बसला, वर पाणी नितळ आहे का, मातीचा वास येतो की कुजका. याला कोणतंही महागडं उपकरण लागत नाही, आणि टाकी बिघडायला लागलेली यात दोन दिवस आधी दिसते. मी ऑपरेटरला सांगायचे की वाईट आकडा लिहिल्याबद्दल तुला कोणी काही बोललं तर ती माझी जबाबदारी. हे शब्द पाळावे लागतात. एकदा जरी पाळले नाहीत तरी वही पुन्हा १८० वर जाते.

संमतीपत्र स्वतः वाचा. अंतर्गत जलप्रवाहात सोडण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा सीओडी २५०, बीओडी (जिवाणूंना तीच घाण खाताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ५.५ ते ९ अशा आहेत, पण तुम्हाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं जे घालून दिलंय तेच पाळायचं. शून्य विसर्गाची (सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही अशी) अट असेल तर बागेतला पाइपसुद्धा तपासा.

आता परमिट. सगळी परमिटं एकदम सुधारायला जाऊ नका. तीन धरा: टाकीत किंवा सम्पमध्ये उतरणं, वेल्डिंग-कटिंग, आणि रसायनाची पाइपलाइन उघडणं. उंचीवरचं काम चौथं म्हणाल, ते खरंच आहे, पण त्याला पट्टा आणि लाइफलाइन निदान डोळ्यांना दिसते. या तिन्हींतला धोका दिसत नाही.

माझ्या हातून झालेलं सांगते. २००६ सालच्या मे महिन्यात इक्वलायझेशन टाकी (सगळं सांडपाणी आधी एकत्र साठवायची) साफ करायची होती, पावसाआधी. सकाळी टाकीच्या तोंडाशी मोजणी झाली. ऑक्सिजन २०.८ टक्के, हायड्रोजन सल्फाइड शून्य. मी टेबलावर बसून परमिटवर सही केली. टाकीपाशी गेले नाही. हेल्पर उतरला, खोऱ्यानं तळाचा गाळ ढवळायला लागला, आणि काही मिनिटांत खाली बसला. गाळात कोंडलेला वायू ढवळल्यावर सुटला होता. सकाळी तोंडाशी मोजलेला आकडा खोटा नव्हता, फक्त तो दुसऱ्या जागेचा आणि दुसऱ्या वेळेचा होता. त्याला काढायला दुसरा मुलगा शिडीवर पाय ठेवत होता, सुपरवायझरनं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. त्या ओढण्यानं एक जीव वाचला. खालचा मुलगाही वाचला, कारण ब्लोअर हाताशी होता आणि श्वासोच्छ्वास यंत्र घालता येणारा एक माणूस त्या पाळीत होता. त्या दोघांच्या घरच्यांना मी काय सांगितलं असतं, हा विचार अजूनही सही करताना मनात येतो.

तेव्हापासून माझा नियम: टाकीत उतरण्याचं परमिट टाकीच्या तोंडाशी उभं राहूनच लिहायचं. वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. गाळ असेल तर आधी तो बाहेरून ढवळून, पाण्याच्या फवाऱ्यानं हलवून, हवा खेळवून पुन्हा मोजायचं, आणि माणूस आत आहे तोवर मीटर त्याच्या अंगावर चालू ठेवायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर भरवसा ठेवू नका. कुजक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणात येतो, १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं की वास गेला. नायट्रोजनला तर वासच नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस आणि दोरी, वर तिपाई, आणि वर उभ्या माणसाला एकच काम: आत काहीही झालं तरी स्वतः उतरायचं नाही. हे त्याच्याकडून दहा वेळा वदवून घ्या. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच मागोमाग जातात.

वेल्डिंगबद्दल एवढंच, की टोल्युइनची वाफ हवेत १.१ टक्का झाली तरी पेट घेऊ शकते, आणि रिकामा म्हणून ठेवलेला ड्रम भरलेल्याइतकाच धोक्याचा असतो. काम संपल्यावर निदान अर्धा तास माणूस तिथेच उभा ठेवा. पाइपलाइन उघडताना दोन्ही बाजूंना कुलूप आणि टॅग, आणि मोटरचा फ्यूज काढून तो काम करणाऱ्याच्याच खिशात.

आत्तापर्यंतचं एका वाक्यात: आधी पाणी कुठे जातं ते, मग ईटीपीचा खरा आकडा, मग तीन परमिटं. पुढचा मुद्दा फक्त तुमच्याकडे उष्णता सोडणाऱ्या अभिक्रिया असतील तरच.

पहिल्या पावसात वीज जाते, हे आपण सगळेच जाणतो. रिॲक्टरचा स्टरर (ढवळणी) थांबतो. पण वरच्या डोसिंग टाकीतून द्रव गुरुत्वानं येत असेल तर तो येतच राहतो, न मिसळता थर साचतो. पाच-सात मिनिटांनी वीज आली की ऑपरेटर सवयीनं स्टरर चालू करतो, आणि साचलेलं सगळं एकदम अभिक्रिया करतं. तापमान धावतं, कूलिंगला ते पेलत नाही. यावर खरा उपाय म्हणजे स्टरर थांबला की डोसिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणारं इंटरलॉक. ते बसेपर्यंत रिॲक्टरपाशी मोठ्या अक्षरांत लिहा: स्टरर थांबला तर आधी डोसिंग बंद, तापमान बघा, इनचार्जला बोलवा, त्याच्या सांगण्याशिवाय स्टरर चालू नको. किती साचलं तर किती तापेल हे तुमच्या आर अँड डीकडून लेखी मागा. कूलिंग पंप जनरेटरवर आहे का ते बघा, आणि जनरेटर भार देऊन चालवून पाहा, नुसता सुरू करून नव्हे. तापमापी कुठे बसवलाय हेही बघा. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला स्टायरीनच्या टाकीतून वायू सुटला, त्या टाकीचं तापमान फक्त तळाशी मोजलं जात होतं. वरचा थर तापत गेला तो कोणाला दिसला नाही.

माणसांबद्दल. तुमच्या प्रश्नात "वर्कर ऐकत नाहीत" असं वाक्य आहे. ते ज्या भाषेत ऐकू शकतील त्या भाषेत कोणी सांगितलंय का, हे आधी बघा. आपले गोव्याचे ऑपरेटर कोंकणी बोलतात, मराठी वाचतात. हेल्पर ओडिशा, झारखंड, उत्तर कर्नाटकातून आलेले. रसायनाची सुरक्षा माहितीपत्रकं इंग्रजीत, सोळा-सोळा भागांची. प्रत्येक रसायनासाठी एकच पान करा: अंगावर उडालं तर काय, श्वासात गेलं तर काय, सांडलं तर काय, काय विझवायला वापरायचं नाही. हिंदी आणि मराठीत, चित्रांसह. मग सांगून झाल्यावर "समजलं का" असं विचारू नका, सगळे मान हलवतात. "तू काय करशील ते दाखव" म्हणा आणि त्याला आय-वॉशपर्यंत (डोळे धुण्याच्या नळापर्यंत) डोळे मिटून चालत जायला लावा. वाटेत ड्रम आडवे आले तर तुम्हालाच कळेल की आय-वॉश तिथे असून उपयोग नाही. आणि "काय जावचें ना" (काही होणार नाही) असं हसून म्हणणारा एक जुना ऑपरेटर प्रत्येक पाळीत असतो. त्याला विरोधक मानू नका. त्यानं वीस वर्षांत काय काय होताना पाहिलं ते विचारा. मला सर्वांत उपयोगी माहिती अशाच माणसांनी दिली आहे. धोका दिसला तर व्यवस्थापनाला सांगण्याचा हक्क कामगाराला भोपाळनंतरच्या १९८७ सालच्या दुरुस्तीनं कायद्यातच दिलाय, हेही त्याला सांगा. बहुतेकांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

मॅनेजरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. तीन ओळी, तीन फोटो, प्रत्येकापुढे खर्च आणि तारीख. डाईकची कुलपं काही शेकड्यांत येतात, गटाराची जोडणी गवंड्याच्या दोन दिवसांच्या कामाची असते. पाऊस सुरू झाल्यावर हीच कामं होत नाहीत, हे त्यांनाही कळतं. बिघडलेली बॅच, ग्राहकाचं ऑडिट, गावकरी गेटवर येणं, या त्यांच्या काळज्या आहेत. तुमचं म्हणणं त्यांच्या काळजीशी जोडा. आणि एक गोष्ट लेखी मागा: वरची तीन प्रकारची कामं थांबवण्याचा अधिकार, मॅनेजरांच्या सहीनं, प्लांटवर लावलेला. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, हे मिळवा.

सह्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच. जो नमुना भरताना तुम्ही नव्हता त्याच्या अहवालावर, जे परमिट काम झाल्यावर आलं त्यावर, आणि जिथे तुम्ही गेला नाही त्या तपासणीवर सही करू नका. नकार भांडून देऊ नका. "मी पाहिलेलं नाही, उद्या पाहून सही करतो," एवढंच म्हणा, आणि त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा. काही ठिकाणी यावर दबाव येतो. महिन्यामागून महिने तोच दबाव येत राहिला, खोटा आकडा मंडळाकडे पाठवायलाच सांगितलं, तर ती नोकरी सोडायची वेळ आली असं मी म्हणेन. मी एकदा सोडली आहे. घरी हप्ते चालू होते, सोपं नव्हतं. पण तुमच्या मॅनेजरांच्या एका वाक्यावरून मी त्यांच्याबद्दल तसं मत करणार नाही. पुष्कळदा प्लांटवरचं खरं चित्र त्यांच्यापर्यंत कोणी नेलेलंच नसतं.

ऑडिटची चिंता सोडा. ऑडिटरला स्वतःच शोधलेली पंधरा वैगुण्यं आणि त्यांतली नऊ दुरुस्त केल्याचे फोटो दाखवलेत तर तो खूश होऊन जाईल. निर्दोष फायलींपेक्षा अशी वही त्याला जास्त पटते.

शेवटी चवथीची सुट्टी. तुम्ही नवे आहात म्हणून आधीच सांगून ठेवते. चवथीला आपली माणसं पाच-सात दिवस घरी जातात, उरतात ते कंत्राटी हेल्पर आणि सिक्युरिटी. बंद करताना आणि परत सुरू करताना धोका सर्वांत जास्त असतो. रिॲक्टरमध्ये अर्धवट बॅच ठेवून कोणी जाऊ नये. जे टिकत नाही ते संपवून जावं, साठवणीच्या टाक्यांचं तापमान सुट्टीतही रोज दोनदा कोणीतरी वाचावं, आणि तो आकडा वाढला तर कोणाला फोन करायचा त्या दोन माणसांची नावं गेटवर लावावीत. ईटीपीचा ब्लोअर बंद करू नये, नाहीतर परत येईपर्यंत जिवाणू मेलेले असतील. आणि सुट्टीनंतरची पहिली बॅच दिवसपाळीत घ्या, रात्री नाही. तेव्हा तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.